अंबुबाई आणि 'आठ खिडक्यांचं घर'

बालगृहात पाहुणे आले की अंबुबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून त्यांचं बोलणं ऐकत. पाहुणे म्हणजे बहुधा कुणाचा तरी वाढदिवस असायचा. मुलांना जिलेबी वाटायला आणि त्यांच्याबरोबर फोटो काढायला एखादं बऱ्या घरचं कुटुंब यायचं. त्यातलं कुणीतरी एखाद्या गोबऱ्या पोराला जवळ ओढून हमखास विचारायचं, "काय रे, येतोस का आमच्या घरी?" हे वाक्य कानावर पडलं की अंबुबाई पदराला हात पुसत शांतपणे पडवीत जात आणि पाहुण्यांच्या चपला फाटकाकडे तोंड करून ओळीनं मांडून ठेवत. पाहुण्यांना तो पाहुणचार वाटायचा. एका बाईंनी तर कौतुकानं म्हटलं, "किती नीटनेटक्या हो तुम्ही!" त्यावर अंबुबाई म्हणाल्या, "व्हय की. निघताना शोधायला नको."

मी तेव्हा सोलापुरातल्या एका शाळेत मराठी शिकवत होतो आणि उरलेल्या वेळात मुलांची नाटकं बसवत होतो. माझं एक गाण्यांचं बालनाट्य पुण्याच्या एका निर्मात्याला आवडलं आणि दूरदर्शनसाठी त्याचा चित्रपट करायचं ठरलं. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघावा असा, गाण्यांनी भरलेला. नाव 'आठ खिडक्यांचं घर'. एक अनाथ मुलगी गावातल्या एका मोठ्या घराच्या खिडक्यांतून रोज आत डोकावते, प्रत्येक खिडकीत तिला एक माणूस भेटतो, प्रत्येक माणसाचं एक गाणं, आणि शेवटी त्या घराचं दार तिच्यासाठी उघडतं. लिहिलं मी, चाली माझ्या, मुलांकडून बसवून घेणंही माझ्याकडेच. आज हे सगळं सांगताना थकवाच जास्त येतो. पण सांगायला हवं, कारण या चित्रपटामुळे माझं जे नाव झालं, त्यातला एक मोठा भाग खोटा आहे; त्याचा खरा मान अंबुबाईंचा आहे.

चित्रीकरण बालगृहातच करायचं ठरलं, म्हणून मी तिथं जाऊ लागलो. अंबुबाई तिथल्या मावशी. घरची भाषा तेलुगू. नवरा कापडाच्या मागावर काम करायचा, तो लवकर गेला; मूलबाळ नव्हतं. बरीच वर्षं विड्या वळून त्या बालगृहात लागल्या आणि तिथंच राहू लागल्या. शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, त्यांची स्वतःची एक खोली होती, तिला बहुतेक वेळ कुलूप असे. बुटक्या, रुंद हाडाच्या, आणि चालताना एका बाजूला किंचित कलत. मुलांशी त्या मराठी बोलत, पण एखादं पोर पडलं, तापलं, की तोंडातून आपोआप "रा बिड्डा, रा" यायचं. ये बाळा, ये.

मुलांनी त्यांना आई किंवा अम्मा म्हटलेलं त्यांना चालत नसे. एकदा एका लहान मुलीनं म्हटलं, तर त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं, "मला अंबुबाई म्हणायचं. ती जागा रिकामी ठेवायची. कुणीतरी येऊन बसायचंय तितं. मी बसले तर त्यांनी कुटं बसायचं?"

चित्रपटातली मुलगी म्हणून आम्ही रेणुकाला निवडलं. सात-आठ वर्षांची असेल. सावळी, मोठ्या कपाळाची, आवाजात एक ओरखडा. पुण्याच्या मंडळींना तिचा आवाज बदलून घ्यायचा होता, मी हट्टानं तोच ठेवला. एवढी एक गोष्ट मी त्या काळात बरी केली.

एका प्रसंगात तिनं रडायला हवं होतं आणि तिला रडू येईना. दिग्दर्शकाच्या हाताखालचा एक तरुण माझ्या कानाशी म्हणाला, "सर, तिला सांगा ना, तुला कुणीतरी न्यायला येणार होतं, पण आता येणार नाही. लगेच रडेल." मी विचारात पडलो. हो, पडलो. तेवढ्यात मागून अंबुबाईंचा आवाज आला.

"कांदा आणू का?"

तो तरुण हसला. "मावशी, कॅमेऱ्यात खरं रडणं लागतं."

"मग तुमच्या आईला सांगा, तू घरी येऊ नको म्हणून. तुमी रडा. पोरगी बगून शिकंल."

त्या दिवशी ग्लिसरीन वापरलं. संध्याकाळी मी त्यांची समजूत काढायला स्वयंपाकघरात गेलो. त्या भाकरी थापत होत्या. मी म्हटलं, "अंबुबाई, गोष्ट कशी वाटतेय तुम्हाला?"

"बरी हाय की. गाणी लई गोड हायत." भाकरी तव्यावर टाकून त्या म्हणाल्या, "पर त्या घरातली माणसं दार उघडल्या उघडल्या गाणं म्हणायला लागत्येत, सर. तसं नसतंय. पोरगी घरात आली की आदी न्हाणी कुटं हाय ते दावायला लागतंय. रातच्याला तहान लागली तर तांब्या कुटं, ते सांगायला लागतंय. न्हायतर ती कोपऱ्यात तशीच उभी ऱ्हाती. गाणं मग."

मला ते पटलं, पण मी शेवट बदलला नाही.

बालगृहातून एखादं मूल कायमचं कुणाच्या घरी जायला निघालं की अंबुबाई त्याची पाठवणी करत. हा त्यांनीच घातलेला पायंडा होता, संस्थेच्या नियमांत तो कुठं नव्हता. सकाळी तेल लावून न्हाऊ घालायचं, नवे कपडे, पाटावर बसवून दहीभात. मग बाकीची सगळी मुलं येऊन त्याच्या खिशात किंवा फ्रॉकच्या ओच्यात मूठमूठ तांदूळ घालायची. मूल फाटकाबाहेर पडलं की त्याची सतरंजी धुऊन दोरीवर टाकायची, वाळली की दुसऱ्या मुलाला द्यायची आणि त्याची निजायची जागा बाकीच्या सतरंज्या सरकवून भरून टाकायची. पाठवणी झालेलं मूल पुन्हा भेटायला येऊ शकत होतं, जेवू शकत होतं. तिथं झोपू शकत नव्हतं.

मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. पूर्वी एक मुलगा असाच एका घरी गेला होता. त्यांनी तो परत आणून सोडला, जमत नाही म्हणून. त्याला त्याच्याच जुन्या जागेवर निजवलं. "सकाळी उठला आन् बोलायचा बंदच झाला, सर. कापड पसंत न्हाय म्हणून दुकानात परत आणून टाकत्येत ना, तसं वाटलं आसंल त्याला. त्याच फळीवर. तवापासून मी जागाच ठेवत न्हाय."

"आणि पुन्हा कुणाला परत आणलं तर?"

"म्हणून तर पाठवायच्या आदी मी दोनदा विचारती."

चित्रपट दिवाळीच्या सुमारास दाखवला गेला. त्या संध्याकाळी सोलापुरातल्या किती घरांत तो बघितला गेला हे मला दुसऱ्या दिवशी रस्त्यावर कळलं. लोक थांबवून बोलत होते. पोरं गल्लीत गाणी म्हणत होती. मग एका सभागृहात आमचा सत्कार झाला. रेणुका माझ्या शेजारी खुर्चीवर पाय हलवत बसली होती. सूत्रसंचालकानं मला विचारलं, "सर, पडद्यावरच्या मुलीला तर घर मिळालं. या आपल्या रेणुकाचं काय?"

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "रेणुकाला घर मिळालं आहे. ती आमच्या घरी येणार आहे."

टाळ्या बराच वेळ वाजत होत्या. मी कबूल करतो की त्या क्षणी ते मला खरंच वाटत होतं. टाळ्यांनी ते जास्तच खरं वाटू लागलं.

बायकोला, सुमनला, मी विचारलेलं नव्हतं. पहिल्या रांगेत बसून तिनं ते बाकीच्यांबरोबरच ऐकलं. घरात शिरल्यावर ती एवढंच म्हणाली, "मला आधी सांगितलं असतंत तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या." पुढची सगळी वर्षं, कुणी खोदून विचारलंच तर, मी अर्धवट बोलून असं भासवलं की सुमनची तयारी नव्हती. ते खरं नाही. तिनं दोन दिवस विचार केला, आमच्या मुलांना विचारलं, माझ्या आईला समजावलं आणि आतल्या खोलीतली खाट रिकामी केली. सुमन आता नाही. तिच्या बाबतीत निदान एवढं लिहून ठेवतो.

बालगृहाचे अधीक्षक म्हणाले, "कागदपत्रं होत राहतील, आत्ता सुट्टीसाठी म्हणून न्या." मी बाहेर पडत असताना अंबुबाईंनी मला पडवीत गाठलं.

"सर, सुट्टीपुरतं का कायमचं? कायमचं आसंल तर मला पाठवणी करायला लागती."

"कायमचं," मी म्हणालो.

त्यांनी पडवीत इकडंतिकडं पाहून घेतलं. "माइकवर बोललाव ते येगळं. आता हितं कुणी न्हाय. पुन्यांदा विचारती. कायमचं?"

"कायमचं, अंबुबाई. गुरुवारी सकाळी येतो."

गुरुवारी सकाळी मी अंघोळ करून निघालो. सुमननं पोहे करून झाकून ठेवले होते. बालगृहाच्या कोपऱ्यावर आलो आणि फाटक दिसलं. रेणुका फाटकाबाहेरच्या पायरीवर बसली होती. निळा फ्रॉक, केसांना तेल, आणि ओच्यातले तांदूळ सांडू नयेत म्हणून दोन्ही हातांनी तो धरलेला. आत दोरीवर एक ओली सतरंजी होती. फाटकाच्या गजांतून बाकीची मुलं माझंच गाणं म्हणत होती, आठव्या खिडकीचं.

मी स्कूटर बंद केली नाही. पाय टेकून उभा राहिलो. तिनं अजून मला पाहिलं नव्हतं. ती ज्या तऱ्हेनं रस्त्याकडे बघत होती, ते बघणं आता रोज माझ्या घरात असणार, जेवताना, मी वाचत बसलेला असताना, मी चिडलेला असताना, असं मनात आलं. गोष्टीत ती मुलगी घरात शिरते आणि गोष्ट संपते. मला त्याच्या पुढचं काहीच सुचत नव्हतं. मी स्कूटर वळवली आणि शाळेत गेलो. सुट्टी होती. शिपायाकडून वर्ग उघडून घेतला आणि बाकावर बसून राहिलो.

घरी सांगितलं की अधीक्षकांनी कागदपत्रांसाठी थांबायला सांगितलं आहे. सुमननं मान हलवली. मला वाटतं तिला तेव्हाच कळलं होतं.

बालगृहात तोंड दाखवायला मी गेलो ते चार-पाच दिवसांनी, पेढ्यांचा पुडा घेऊन. पडवीत अंबुबाई नव्हत्या. दुसऱ्या मावशींनी सांगितलं, अंबुबाई काम सोडून गेल्या, रेणुकाला घेऊन. पाठवणी झालेल्या मुलीला त्यांनी त्या रात्री तिथं झोपू दिलं नव्हतं. अधीक्षक म्हणाले, असले नियम तुमचे, संस्थेचे नव्हेत. त्या म्हणाल्या, माझेच हायत, म्हणून मीच नेते. संध्याकाळी दिवे लागायच्या आत दोघी रिक्षानं पूर्व भागात गेल्या. अधीक्षक चिडले, मग निवळले, आणि नंतर त्यांनीच रीतसर अंबुबाईंच्या नावानं पालकत्वाचं करून दिलं.

मी त्या खोलीवर गेलो. शेजारच्या मागांचा खडखडाट भिंतीतून येत होता. अंबुबाई उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. पुन्हा तेच काम सुरू केलं होतं. रेणुका नळावर पाणी आणायला गेली होती.

"अंबुबाई, मी आजारी होतो हो," मी सुरुवात केली.

"व्हय." त्यांची बोटं चालूच होती. "कोपऱ्यापर्यंत आला हुताव. तुमच्या गाडीचा आवाज वळकती मी. शूटिंगला म्हैनाभर ऐकलाय की."

मी पुडा उंबऱ्यावर ठेवला.

"पोरीला कळलं न्हाय. तिला मी सांगिटलंय, सर आजारी हायत." त्यांनी पान कापलं. "आता तुमी आजारीच ऱ्हावा."

"म्हणजे?"

"म्हंजे येऊ नका. तुमी आलाव की ती परत पिशवी भरंल. परत पायरीवर बसंल. एकदा समजावलं मी. परत परत मला जमायचं न्हाय. ते पेढे घेऊन जावा. तोंड गोड झालं तर इचारंल, कुणी आणलं."

मला वाईट वाटलं, हे खरं. आणि त्या वाईट वाटण्याच्या खाली केवढी तरी सुटका होती, हेही खरं. मी त्यांचं ऐकलं. इतकं मनापासून मी कुणाचंच ऐकलेलं नाही.

गावात मात्र माझं वाक्य फिरत राहिलं. सभागृहातलं बोलणं छापून आलं होतं; त्याचं पुढं काय झालं हे छापायला कुणी आलं नाही. लोक विचारत, "काय म्हणतेय तुमची रेणुका?" मी म्हणायचो, "मजेत." एका संस्थेनं मला अनाथ मुलीला घर दिल्याबद्दल शाल दिली. मी ती घेतली. निवृत्तीनंतर आम्ही जुळे सोलापूर या नव्या वस्तीत फ्लॅट घेतला, तिथल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळातही माझी ओळख तशीच करून दिली जायची. नाही म्हणायची एकेक संधी आली आणि गेली. पहिली हुकली की दुसरी आणखी अवघड होते.

अंबुबाई मधूनमधून बाजारात दिसायच्या. एकदा भाजी घेताना समोरासमोर आलो. रेणुका दहावीला होती. मी म्हटलं, "अंबुबाई, लोकांना मी सांगून टाकतो सगळं."

"कुणासाठी?"

"खरं आहे म्हणून."

"पोरगी शाळेत म्हणती, त्या पिच्चरमदली मी हाय. पोरी म्हणत्येत, मग तुला सरांनी नेलं न्हाय का. ती म्हणती, मीच गेले न्हाय, मला अंबुबाईकडंच ऱ्हायचं हुतं." त्या कोथिंबीर पिशवीत खोचत म्हणाल्या, "तिनं तिचं जमवलंय. त्यात तुमचं नका घालू."

ती त्यांना अजून अंबुबाईच म्हणते का, असं मी विचारलं. "मग काय म्हणंल? सवय हाय की," असं म्हणून त्या भाव करायला वळल्या. पुढं विडी कामगारांच्या वसाहतीत, कुंभारीला, त्यांना घर मिळालं आणि बाजारातल्या भेटीही थांबल्या.

गेल्या हिवाळ्यात अंबुबाई गेल्या. मला उशिरा कळलं, बालगृहातल्या त्या काळच्या एका मुलाकडून, जो आता रिक्षा चालवतो. त्यालाच घेऊन मी कुंभारीला गेलो. घरापुढं मांडव होता आणि बायका दाटीनं बसल्या होत्या. रेणुका अंगणवाडीत शिकवते, तिला दोन मुलं आहेत. तिच्या मोठ्या कपाळावरून मी तिला ओळखलं. तिनं मला खुर्ची दिली.

शोकसभेत गावातले एक पुढारी बोलायला उभे राहिले. त्यांनी अंबुबाईंबद्दल दोन वाक्यं बोलून माझ्याकडे हात केला. "आणि आज आपल्यात ते सर आलेले आहेत, ज्यांनी रेणुकाताईंना पोटच्या मुलीसारखं वाढवलं."

मी उठलो. गुडघे धरले होते, रिक्षावाल्यानं हात दिला. मी म्हणालो, "हे खोटं आहे. मी हिला नेतो म्हणालो आणि कोपऱ्यावरून परत गेलो. हिला अंबुबाईंनी वाढवलं. माझ्या घरात ही एक दिवसही राहिलेली नाही." इतक्या वर्षांचं साठलेलं बोललो म्हणून मला वाटलं, काहीतरी कोसळेल. पुढारी खाली बघू लागले. पुढं बसलेली एक म्हातारी, हातानं विड्या वळून वळून बोटं वाकडी झालेली, शेजारणीला म्हणाली, "ह्यात काय नवं सांगायलेत? आख्ख्या वसाहतीला माहीत हाय की."

दुसरी म्हणाली, "बसा, सर. ऊन लागंल."

मी बसलो. तिथं माझ्या कबुलीची कुणालाच गरज नव्हती. खोटं राहिलं होतं ते माझ्या बाजूच्या सोलापुरात, जिथं शाली दिल्या जातात आणि असले लेख वाचले जातात. म्हणून हे इथं लिहितो आहे.

माणसं पांगल्यावर रेणुकानं चहा आणून दिला. मी म्हटलं, "तुला माहीत होतं? कोपऱ्यावरचं?"

"मोठी झाल्यावर तिनंच सांगितलं." ती भिंतीला टेकून खाली बसली. दोन आठवड्यांची राहिलेली झोप तिच्या डोळ्यांवर होती. "म्हणाली, आजारी होते हे मी खोटं सांगितलं होतं. लहान होतीस म्हणून. आता मोठी झालीस, आता खरं घे."

"तुला राग आला असेल."

"आला होता. मग लग्न झालं, पोरं झाली, राहून गेला." तिनं कप घेतला. "खरं सांगू का, सर? त्या दिवशी मला घरी नेऊन तिनं आधी न्हाणी दाखवली. तांब्या कुठं ठेवते ते दाखवलं. मग म्हणाली, आता रड, किती रडायचं ते. मी झोपेपर्यंत रडले. ती विड्या वळत बसली होती. तिनं एकदाही गप्प बस म्हटलं नाही."

ऊन कलायला लागलं होतं. रिक्षावाला फाटकाशी उभा होता. मी उठलो आणि तिला म्हणालो, "तुझी हरकत नसेल तर मधूनमधून येत जाईन. येत्या रविवारी येऊ?"

तिनं माझी काठी उचलून माझ्या हातात दिली.

"वार सांगू नका, सर," ती म्हणाली. "माझी पोरं वाट बघत बसतील. आलात की आलात."